‘जी साहब’ म्हणणारा वर्ग
(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘मुलांना वर्गात बोलतं कसं करावं’ हा विषय कार्यवाहांनी दिला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, मी डिप्लोमावाला माणूस, माझा संबंध रुळांशी; यासाठी एखाद्या प्राध्यापकांना बोलवा. ते म्हणाले, “दोन वर्षं ट्रेनिंगला शिकवत होता ना, तेच सांगा.” तेव्हा तेच सांगतो.

ही दोन वर्षं दुसऱ्या विभागात गेली. समोर चाळीसेक जण असायचे. कीमॅन, मेट, ट्रॅकवर वीस-वीस वर्षं काढलेली माणसं. उन्हाळ्यात रूळ किती वाढतो, याचं गणित मी फळ्यावर मांडत होतो. १३ मीटरचा मोकळा रूळ, तापमानात ४० अंशांची वाढ. उत्तर येतं साधारण ६ मिलिमीटर. माझ्या हातून दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि मी लिहिलं ६०. विचारलं, “समझ गये?” चाळीस आवाज एकदम आले, “जी साहब!” मी समाधानानं फळा पुसला.

आठवड्यानं परीक्षेचे पेपर तपासायला घेतले. पहिल्यात ६०, दुसऱ्यात ६०, पुढच्यातही ६०. आधी वाटलं, कॉपी केली. मग माझी वही काढून पाहिली आणि कानशिलं तापली. मंडळी, ६० मिलिमीटर म्हणजे दोन इंचांहून जास्त. दोन रुळांत एवढी फट या लोकांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. सांध्यातली फट रोज डोळ्यांखालून घालणारी माणसं ती! एका वयस्कर कीमॅनला व्हरांड्यात गाठून विचारलं, “आपको दिखा नहीं था?” तो शांतपणे म्हणाला, “दिखा था साहब। पर बोर्ड पर आपने लिखा था। सोचा, कोई नया हिसाब आया होगा।”

त्या रात्री झोप नीट लागली नाही. चूक झाली, ती दुरुस्त करता येते. पण त्याआधी किती तासांत किती चुका माझ्या हातून अशा निघून गेल्या असतील, आणि त्या घेऊन किती माणसं आपापल्या सेक्शनवर परत गेली असतील? हे मला कळायचा मार्गच नव्हता.

आपल्या गाडीच्या इंजिनात बघा. सिग्नल दिसला की सहायक लोको पायलटनं तो मोठ्यानं पुकारायचा आणि लोको पायलटनंही उच्चारायचा. मुख्य माणसाला दिसत नाही म्हणून हे करत नाहीत. दोघांना एकच दिसतंय ना, याची खात्री करण्यासाठी करतात. म्हणजे धाकट्यानं बोललंच पाहिजे, असा तिथे नियम आहे. वर्गात मात्र धाकटा बोलला की आपण म्हणतो, मध्ये बोलू नकोस.

मी काय केलं? फार काही नाही. “समजलं का?” विचारणं बंद केलं, कारण त्याला एकच उत्तर असतं. त्याऐवजी तिघा-तिघांचे गट करून, मी सांगितलेलं एकमेकांना आपल्या बोलीत सांगायला लावलं. चाळिसांसमोर उभं राहायला घाबरणारा माणूस तिघांत बोलतो. आणि सांगून टाकलं की प्रत्येक तासाला मी फळ्यावर एक चूक मुद्दाम करणार, ती पकडायची. पहिले चार दिवस कुणी पकडली नाही. म्हणजे दिसली सगळ्यांना, पण साहेबांची चूक दाखवणार कोण?

आणखी एक सवय लावून घेतली, आणि तीच सगळ्यांत अवघड गेली. प्रश्न विचारल्यावर थांबायचं. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक होत्या. १९७०च्या दशकात त्यांनी वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारीही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काय, असं वाटेल तुम्हाला. फळ्यापाशी खडू घेऊन उभे राहा, म्हणजे कळेल!

असंच एकदा थांबलो असताना तो व्हरांड्यातला कीमॅन उठला. रुळाच्या बाजूची गिट्टी कमी पडली, तर उन्हात रूळ बाजूला सरकण्याचा धोका वाढतो, हे मी पुस्तकातून शिकवत होतो. तो म्हणाला, “साहब, कम कहाँ होती है, वो भी लिखिए।” आणि मग त्याच्या सेक्शनवर गावातल्या बाया पाण्याला कुठून लाइन ओलांडतात, गुरं कुठे उतरतात, तिथली गिट्टी पायांनी कशी खाली घसरते, हे त्यानं पंधरा मिनिटं सांगितलं. शिकवायला उभा मी होतो, आणि वही काढून लिहूनही मीच घेत होतो.

याला किंमत पडते, तीही सांगतो. माझा अभ्यासक्रम दोन तास मागे पडला. शेजारच्या वर्गातून तक्रार आली की इकडे बाजार भरतो. एकजण दुसऱ्याच्या बोलण्याला हसला आणि तो दुसरा पुढे कोर्स संपेपर्यंत तोंड उघडेना. ते मात्र मला सावरता आलं नाही.

आता आपल्या मुलांकडे येतो. घरी मराठी, कॉलनीत हिंदी, शाळेत इंग्रजी. प्रश्न मनात एका भाषेत उगवतो आणि दुसरीत नेऊन पोचवेपर्यंत तास संपतो. माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, “शी इज व्हेरी क्वाएट, नो कम्प्लेंट.” आम्ही दोघं खुशीत बाहेर पडलो. गाडी सुरू करताना मला ते ६० मिलिमीटर आठवले.

मुलं काय बोलणार, असं वाटत असेल तर मुक्ताबाईंची आठवण करून देतो. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मातंग समाजातली, चौदाएक वर्षांची ही विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असं तिनं त्यात रोखठोक विचारलं होतं. अवघ्या तीन वर्षांच्या शाळेत तिला हा प्रश्न विचारण्याचं बळ आलं होतं.

आपल्याकडे दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा होते. भाषण आई लिहिते, बाबा पाठ करून घेतात, मूल हातवारे करतं आणि आपण बक्षीस देतो. मीही माझ्या मुलीला लिहून दिलं आहे, तेव्हा दोष कुणाला देत नाही. पण परवा आरती संपल्यावर दुसरीतल्या एका मुलानं आरतीतल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. आम्ही चौघं मोठी माणसं तिथे होतो. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाळीस वर्षं टाळ्या वाजवून म्हणतोय, पण अर्थ एकालाही सांगता येईना. एकजण म्हणाले, “जा, आधी प्रसाद घे.”

तो मुलगा इथेच सतरंजीवर बसलाय. बाळा, मी घरी जाऊन शब्दकोश पाहिला. कार्यक्रम संपल्यावर ये, सांगतो. आणि दुसरा शब्द अडला असेल, तर तोही घेऊन ये.