तीन सह्या आणि सात दिवस
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सरकारी नोकरांच्या संपाचा विषय निघाला की गावात दोनच बोलणी ऐकू येतात. एक म्हणजे, 'कचेरीत एरवी तरी कोण भेटतं? संप असला काय, नसला काय!' आणि दुसरं, 'यांना पेन्शन पाहिजे, मग आम्हाला कोण देतंय?' पहिल्यावर हशा होतो, दुसऱ्यावर टाळ्या पडतात. आज आम्ही हशा आणि टाळ्या दोन्ही बाजूला ठेवून हिशेब मांडणार आहोत. हिशेब एकाच संपाचा, मार्च २०२३ चा.

१४ मार्चला, मंगळवारी, राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. सतरा-अठरा लाख, असा त्यांच्या संघटनांचा आकडा होता. मागणी एकच, जुनी पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ नंतर जो नोकरीला लागला त्याला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन नाही. त्याच्या पगारातून १० टक्के कापायचे, सरकारने १४ टक्के घालायचे, पैसा बाजारात गुंतवायचा आणि म्हातारपणी जे निघेल ते घ्यायचे. किती निघेल ते कोणी सांगत नाही. बाजाराच्या भरवशावर जगणे काय असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्यामुळे त्यांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण राज्याच्या महसुली उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग पगार, पेन्शन आणि व्याजात जातो, तेव्हा ही पेन्शन कोणाच्या घामातून द्यायची, हा प्रश्नही खोटा नाही.

आता त्या सात दिवसांत काय झाले ते पाहू. सरकारी दवाखान्यांतल्या ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या, त्या कशाबशा पार पडल्या. मंत्रालयाचे काय अडले? फाइल मंगळवारी हलली नाही, ती पुढच्या मंगळवारी हलली. फाइल नासत नाही.

शेतातला माल नासतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, होळीच्या सुमारास, अवकाळीने एकदा झोडपले होते. त्याचे पंचनामे अर्धवट असतानाच संप सुरू झाला आणि १५ तारखेपासून मराठवाडा, विदर्भ, नाशिक पट्ट्यात पुन्हा पाऊस आणि गारा आल्या. पंचनाम्यावर सह्या तिघांच्या लागतात, तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. (आता त्यांची नावे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी अशी झाली आहेत. नावे लांबली, सही तीच.) तिघेही संपावर.

शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाला त्या आठवड्यात काय दिसत होते ते सांगतो. गहू सोंगणीला आलेला आणि लोळलेला. ओंबी ओल्या मातीला टेकली की दाण्याचे तेज जाते आणि ऊन पडले नाही तर कोंब फुटतो. तो तीन-चार दिवसांत काढला तर अर्धा हाती लागतो. पण काढला की शेत मोकळे, मग साहेबाला नुकसान दाखवायचे कुठे? न काढावा तर उरलेलाही गेला. हरभऱ्याची सुडी भिजली की तिची उलथापालथ करून वाळवावी लागते, तिला साहेबाची वाट पाहता येत नाही. द्राक्षाचा मणी तडकला की दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि चांगल्या मण्यालाही तो घेऊन बसतो. तसा घड छाटून टाकावाच लागतो. छाटलेला घड बांधावर पडला तर तो पुरावा उरत नाही, खत होते.

कांद्याची गोष्ट आणखी वेगळी. गारेने पात फाटते, जखमेतून करपा शिरतो, मानेतून पाणी आत जाते. त्या दिवशी पाहणाऱ्याला वाटते, पात तर गेली, गड्डा शाबूत आहे. सड लागते ती चाळीत, महिना-दोन महिन्यांनी. म्हणजे पंचनामा आठ दिवस उशिरा झाला तर गव्हाचे नुकसान दिसेनासे होते आणि वेळेवर झाला तरी कांद्याचे दिसत नाही. त्यात त्या वर्षी कांद्याला भाव नव्हता. सरकारने क्विंटलला तीनशे आणि मग साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर केले, त्यालाही सातबाऱ्यावरची नोंद हवी होती!

आणि एवढे करून मिळणार काय? केंद्राच्या निकषाप्रमाणे जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत आणि नुकसान ३३ टक्के असेल तरच. बागायती गव्हाचे एकरी सात हजारही होत नाहीत. ज्याने विमा उतरवला होता त्याला ७२ तासांत कंपनीला कळवायचे होते. ते ७२ तास संपामुळे थांबले नाहीत. संप कर्मचाऱ्याचा आणि मुदत शेतकऱ्याची, असा हा न्याय.

२० मार्चला संप मिटला. मिळाले ते तत्त्वतः आश्वासन. तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती आधीच नेमली होती. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला निम्म्या पगाराच्या पेन्शनची हमी देणारी योजना आणली आणि राज्याने ती लगेच उचलली. म्हणजे दबावाचा उपयोग झाला. दवाखान्यातला कंत्राटी माणूस, कचेरीतला ठेक्यावरचा ऑपरेटर मात्र या भांडणात कुठेच नव्हता. त्याला पेन्शन नाही, संपावर जायची सोय नाही, आणि संपाच्या दिवसांत दुप्पट काम त्याच्याच गळ्यात.

'मग आपणही संप करू,' असे कोणी म्हणेल. केला की! १ जून २०१७ ला पुणतांब्यापासून तो राज्यभर पसरला. कर्जमाफी पदरात पडली, हे खरे. पण रस्त्यावर ओतलेले दूध आपलेच होते. कर्मचाऱ्याच्या संपात सात दिवसांचा पगार पणाला लागतो, आपल्या संपात पीकच जाते. ज्याच्याकडे नासणारा माल आहे त्याने संपाच्या हत्याराकडे जपून पाहावे. आणि ज्याच्याकडे नासणारा माल नाही त्याने संप करताना कोणाचा माल नासतो आहे हेही पाहावे.

कर्मचाऱ्यांच्या संपाला विरोध करणारा ठराव आम्ही मांडणार नाही. कामगाराने काम थांबवायचे नाही, असा कायदा मागणारी संघटना उद्या स्वतःच्या रास्ता रोकोला काय तोंड देईल? त्याच संपाच्या सुरुवातीला सरकारने विधिमंडळात मेस्मा घाईने मंजूर करून घेतला होता. त्याने एकही पंचनामा झाला नाही.

आमचे म्हणणे निराळे आहे. पंचनामा हा शब्दच पाहा. पंचांनी सांगितले ते लिहिले, तो पंचनामा. आज त्यात पंच नावाला आणि नोकर कामाला. ऑगस्ट २०२१ पासून सरकारने ई-पीक पाहणी आणली. आपल्या शेतात काय पेरले ते शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर फोटो काढून नोंदवायचे. तलाठ्याचे ते काम आपल्या माथी आले आणि आपण केले. पेरल्याचा आपला फोटो सरकारला चालतो, मग झोपल्याचा का चालू नये? तारीख, वेळ, जागा त्यातही उमटते. अवकाळीनंतर चार दिवसांत सरकारी माणूस आला नाही, कारण संप असो की दुसरे काही, तर गावच्या पाच पंचांनी पाहून सही केलेला कागद आणि असे फोटो ग्राह्य धरले पाहिजेत. आणि संपाचे दिवस शेतकऱ्याच्या कोणत्याही मुदतीतून वजा झाले पाहिजेत. कोणी म्हणेल, पंच खोटे लिहितील. लिहितील काही. आजवर कचेरीत बसून लिहिलेले पंचनामे किती खरे होते, ते इथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

दुसरे बोलणे थेट कर्मचाऱ्यांशीच करायचे आहे. संपातही दवाखान्यातला अपघात विभाग चालू ठेवतात. तसा गारपिटीनंतरचा पंचनामा संपातून वगळावा, असे त्यांच्या जिल्हा संघटनांनी स्वतःहून जाहीर करावे. त्यातले निम्मे तरी शेतकऱ्यांचीच मुले आहेत, सुट्टीला घरी येतात तेव्हा लोळलेला गहू तेही पाहतात.

तिन्ही संघटनांना द्यायच्या पत्राचा मसुदा तयार आहे. चहानंतर तो वाचून दाखवतो. तालुक्यांच्या दुरुस्त्या असतील तर आजच सांगा, म्हणजे हरभरा सोंगणीला यायच्या आत पत्र त्यांच्या हातात पडेल.