पाळकाची खरी कमाई

वर्धा जिल्ह्यातल्या श्रोतेहो,

चर्चमध्ये उपासना चालवणाऱ्याला
मराठी ख्रिस्ती माणूस म्हणतो पाळक.
पाळक म्हणजे मेंढरं राखणारा.
या सेवेत काय मिळतं?

आठवूया रेव्हरंड नारायण वामन टिळक.
आपल्या शेजारच्या नागपूरशी त्यांचं जुनं नातं.
तिथून राजनांदगावला जाताना
आगगाडीत एका अनोळखी प्रवाशानं
त्यांना बायबल वाचायला सांगितलं.
1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.
पुढे ते पाळक झाले.

त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि भजनांत गायली.
तुकोबांच्या भाषेत लोक प्रार्थना करू लागले.
1917 साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला.
मग उरलं काय?
उरली माणसं.
उरली गाणी.
मराठी चर्चमध्ये ती आजही गायली जातात.

श्रोतेहो, पाळक बाळाला आशीर्वाद देतो.
लग्न लावतो.
आजाऱ्याच्या उशाशी बसतो.
मातीलाही तोच सोबत येतो.
सुखात आणि दुःखात
लोक त्याला घरचा मानतात.

हा विश्वास, हीच पाळकाची कमाई.
पगार संपतो.
विश्वास उरतो.

पुन्हा सांगतो,
माणसांचा विश्वास,
हीच पाळकाची खरी कमाई.