भोपळ्याची सोयरीक

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



परीक्षेत मिळणारा भोपळा आणि विळ्या-भोपळ्याचे सख्य, यांपलीकडे या फळाचे नाव सभेत सहसा निघत नाही. आम्ही आज त्याच्या सोयरीकीविषयी बोलणार आहोत. वनस्पतिशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. सरकारी निवासस्थानाच्या परसात जे उमगले तेवढेच सांगतो.

चेन्नईस बदली झाली तेव्हा मातोश्रींनी गावाकडील तांबड्या भोपळ्याचे बी पुरचुंडीत बांधून दिले. पहिल्याच हंगामात १४ किलोंचे फळ आले. त्याचे घारगे आपल्यापैकी कित्येकांनी खाल्ले आहेत. त्याच फळाचे बी पुन्हा पेरले, तेव्हा मात्र एकही फळ ४ किलोंच्या पुढे गेले नाही. आम्ही येथील खाऱ्या पाण्याला बोल लावला. वास्तविक अपराध आमच्या अज्ञानाचा होता. कुंपणापलीकडे शेजारच्या मामींचा लहान परंगिक्कायचा वेल होता आणि मधमाश्यांनी त्याचे पराग आमच्या फुलांत आणले होते. परक्या परागाचा परिणाम त्या वर्षीच्या फळात दिसत नाही. फळ आईच्या वळणाचे, पण पोटातले बी उभय कुळांचे! ते कोडे पुढच्या पिढीत उलगडते.

म्हणून परागणाची रीत हेतू पाहून निवडावी. भोपळा केवळ खावयाचा असेल, तर काम मधमाश्यांवर सोपवावे. वाण राखावयाचा असेल, तर स्वपरागण करावे. म्हणजे एकाच वेलाच्या नरफुलाचे पराग त्याच वेलाच्या मादीफुलास द्यावेत. त्यामुळे भोपळ्याचा वंश मक्याप्रमाणे लवकर खंगत नाही. तथापि गुणांबरोबर दोषही पक्के होतात. शिवाय एका वेलावर दोन्ही फुले एकाच सकाळी उमलतीलच असे नाही. यास्तव त्याच वाणाचे चार-सहा वेल लावून भावंडांत परागण करणे बरे. नवे गुण आणावयाचे असतील, तर दोन उत्तम वाणांचा संकर करावा. परंतु त्याच्या पुढील पिढ्या नाना तऱ्हेच्या निघतात व त्यांतून निवड करण्यात वर्षे जातात.

कृती सोपी आहे. ज्याच्या बुडाशी इवलासा भोपळा दिसतो ते मादीफूल. उद्या उमलणाऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळी पिवळसर दिसतात. नर व मादी दोन्ही दोऱ्याने बांधाव्यात. उजाडताच नरफुलाच्या पाकळ्या काढून परागकोश मादीफुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवावा, ते फूल पुन्हा बांधावे आणि देठाला चिठ्ठी अडकवावी. उन्हे चढली की वेळ टळली; हे फूल एका सकाळचेच असते. मार्गळीत कोलमवर ठेवण्यास उरलेली नरफुले मामींकडे जातात.

कॅनडातील नोव्हा स्कोशियाचे हॉवर्ड डिल यांनी ‘अटलांटिक जायंट’ हा वाण घडविला. १९८१ साली त्यांचे फळ ४९३.५ पौंड, म्हणजे सुमारे २२४ किलो भरले. त्याच वंशातील एक फळ २०२३ साली अमेरिकेत १,२४७ किलोंचे झाले. चेन्नईच्या उकाड्यात तो आकडा स्वप्नातच पाहावा. मात्र तेथील बागवान प्रत्येक बियाण्यासोबत फळाचे वजन, पिकविणाऱ्याचे आडनाव, वर्ष आणि आईबाप वेल नोंदवून ठेवतात. ही वंशावळ लिहिण्याची शिस्त आपणांस घेता येईल.

मातोश्री आता नाहीत. गावच्या परसातला तो वेलही नाही. पुरचुंडीत ११ बिया उरल्या होत्या, त्यांतल्या ५ उगवल्या. त्या पाच भावंडांतच आम्ही परागण केले आणि सुकविलेले बी तीन घरी ठेवावयास दिले. त्यानंतरच एका फुलाची मामींच्या वेलाशी सोयरीक केली. संकराला आमचा विरोध नाही. परंगिक्काय या नावातच परंगी, म्हणजे फिरंगी आहे. अमेरिकेतून आलेल्या भोपळ्याने परका कोणास म्हणावे? आमचे म्हणणे इतकेच की, आधी मूळ बी राखावे, मग सोयरीक जोडावी.

ज्यांना परस आहे त्यांनी सभेनंतर चार बिया अवश्य न्याव्यात. अट एकच : पुढच्या वर्षी चार परत आणाव्यात, चिठ्ठीसह.