ऑटो कट आणि मापातले पाप
(जिल्हा कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचे ठरले होते. ते बोलूच. पण त्याआधी एका लहानशा गोष्टीबद्दल बोलतो. गोष्ट लहान आहे, पण आपल्या चळवळीची एक मोठी खोड तिच्यात सापडते.

मागच्या हंगामात आम्ही पाच-सहा कार्यकर्ते जीपमधून बैठकीला निघालो होतो. वाटेत एका पंपावर डिझेल घ्यायला थांबलो. पोराने नोझल टाकीत घातले, खटका दाबला. दोन-चार लिटर गेले आणि 'टक्' आवाज होऊन पुरवठा बंद. पुन्हा दाबला, पुन्हा 'टक्'. चार-पाच वेळा असे झाल्यावर आमच्यातला एक जण भडकला. "टाकी रिकामी आहे आणि मशीन भरली म्हणते? शेतकरी दिसला की लुटायचे?" झाले! सगळेच उतरलो. मीही उतरलो. पंधरा मिनिटे आरडाओरडा केला, पैसे फेकले आणि तणतणत निघालो.

पुढच्या गावी दुसऱ्या पंपावर गेलो, तिथेही तेच. मग मिस्त्रीला गाडी दाखवली. टाकीतली हवा बाहेर जाण्यासाठी एक बारीक नळी असते. तिच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. मिस्त्रीने तारेने माती काढली. त्यानंतर एकदाही 'टक्' झाले नाही.

म्हणजे पंधरा मिनिटे आम्ही ज्याला चोर म्हणत होतो ते यंत्र खरे बोलत होते. आणि दुसरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी. त्या गडबडीत शेवटी मीटरवर किती आकडा होता, हे आमच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते. त्या दिवशी कुणी आम्हाला फसवले की नाही, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. लढाई केली ती चुकीच्या जागी, आणि राखायची जागा उघडी टाकली.

आता हे 'ऑटो कट' काय आहे ते समजून घेऊ. ठिबकवाल्यांनी व्हेंच्युरी पाहिली आहे. पाण्याच्या नळीचा गळा मध्येच अरुंद केलेला असतो. त्या गळ्याला एक बारीक नळी जोडून तिचे टोक खताच्या बादलीत सोडतात. पाणी गळ्यातून वेगाने गेले की बादलीतले खत आपोआप ओढले जाते. अठराव्या शतकातल्या व्हेंच्युरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावावरून हे नाव पडले.

पंपाच्या नोझलमध्ये हीच युक्ती आहे. फक्त खताऐवजी तिथे हवा ओढली जाते. नोझलच्या टोकाजवळ नीट पाहा, एक बारीक छिद्र दिसेल. डिझेल वाहत असताना त्या छिद्रातून हवा आत ओढली जात असते. टाकी भरत आली, डिझेल वर चढले आणि ते छिद्र बुडाले की हवा येणे बंद होते. आत ओढ वाढते, ती एका लवचिक पडद्याला खेचते, पडदा खिट्टी सोडवतो आणि झडप बंद होते. तोच तो 'टक्'.

आता लक्षात घ्या, त्या छिद्राला टाकी भरली की नाही हे कळत नाही. छिद्रावर डिझेल आले की नाही एवढेच त्याला कळते. म्हणून टाकी रिकामी असतानाही 'टक्' होऊ शकते. त्याची कारणे साधी आहेत. नोझल खूप आत, नळीच्या वळणापर्यंत खुपसले, तर डिझेल वळणावर आपटून उलटे येते आणि छिद्र भिजते. खटका पूर्ण दाबून जोरात सोडले, तर डिझेलला फेस येतो आणि तो फेसच छिद्र बुजवतो. कॅनमध्ये भरताना हे हमखास होते. टाकीतली हवा बाहेर पडायची वाट बुजली असेल, तर हवा भरायच्या नळीतूनच मागे येते आणि येताना डिझेल उडवते. आमच्या जीपचे तेच झाले. आणि कधी कधी नोझलच खराब असते, छिद्रात कचरा असतो किंवा पडदा झिजलेला असतो.

दोष कुणाचा हे ओळखायचे कसे? एकाच पंपावर, एकाच नोझलला होत असेल तर दोष नोझलचा. दुसऱ्या नोझलवर घ्या. सगळ्याच पंपांवर होत असेल तर दोष आपल्या गाडीचा. हवेची नळी मिस्त्रीकडून साफ करून घ्या. ट्रॅक्टरच्या टाकीच्या झाकणाला हवेचे छिद्र असेल तर तेही पाहा. शेतातली धूळ तिथे आधी बसते. आणि पंपावर तेवढ्यापुरता उपाय हवा असेल तर नोझल दोन बोटे बाहेर ओढा, थोडे फिरवून धरा आणि पोराला हळू सोडायला सांगा. बहुतेक वेळा काम भागते.

टाकी खरोखर भरून 'टक्' झाल्यावर मात्र "अजून थोडे, काठोकाठ" असा हट्ट करू नका. डिझेल तापले की फुगते. ६० लिटर डिझेल २० अंशांनी तापले तर सुमारे एक लिटर वाढते. जमिनीखालच्या टाकीतले गार डिझेल काठोकाठ भरून ट्रॅक्टर वैशाखाच्या उन्हात उभा केला, तर तो लिटर जमिनीवर सांडणार. पैसे मात्र आपण दिलेले.

आता मुख्य मुद्दा. 'टक्' झाल्याने माप कमी होते का? मोजणारे मीटर पंपाच्या पेटीत असते, नोझल त्याच्या पुढे, पाईपाच्या टोकाला. पाईप कायम डिझेलने भरलेला असतो. त्यामुळे नोझल बंद झाले म्हणून मोजलेले डिझेल कुठे जात नाही. पुन्हा खटका दाबला की आकडा होता तिथून पुढे चालू लागतो.

मग लूट होते कुठे? लूट होते ती त्या 'टक्' नंतरच्या गोंधळात. तुम्ही १००० रुपयांचे सांगितले. आकडा २०० वर थांबला. पोरगा म्हणतो, "थांबा, बाकीचे ८०० टाकतो." तुम्ही मान डोलावता. तो आकडा शून्यावर न नेता तिथूनच पुढे नेतो आणि ८०० वर थांबवतो. तुम्ही हिशेब करता २०० आणि ८००, झाले १०००. टाकीत गेले फक्त ८००. यंत्राने चोरी केली नाही, आपल्या बेसावधपणाने केली.

यंत्रातच चोरी होत नाही असे मी म्हणत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशच्या विशेष कृती दलाने लखनौच्या पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात बसवलेल्या चोरट्या चिप सापडल्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी आपल्या महाराष्ट्रातही असे पंप पकडले. पण ही चोरी 'टक्' ऐकून कळत नाही आणि ओरडून थांबत नाही. ती कळते मापाने. प्रत्येक पंपावर वजनमापे खात्याचा शिक्का असलेले ५ लिटरचे माप ठेवावे लागते. शंका आली तर त्या मापात ५ लिटर मोजून दाखवा, असे म्हणण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात चालतो. त्याहून कमी भरले तर वजनमापे खात्याकडे लेखी तक्रार करा. पावती, तारीख, वेळ आणि पंपाच्या यंत्राचा क्रमांक तक्रारीत द्या.

भावांनो, कापसाचे तरी वेगळे काय आहे? सीसीआयच्या हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि १२ च्या वर खरेदी नाही. हा नियम आहे. पण केंद्रावर आपण काय करतो? माल नाकारला की सरकारला शिव्या देतो आणि व्यापाऱ्याच्या दारात गाडी उभी करतो. मीटर किती दाखवते ते पाहत नाही, दुसऱ्या गाठोड्यातला कापूस पुन्हा मोजायला लावत नाही, आकडा लिहून मागत नाही. काट्यावर गाडी चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का, हेही पाहत नाही.

ज्याला यंत्र कळत नाही तो एक तर सगळ्यांना चोर म्हणतो, नाही तर सगळ्यांपुढे हात जोडतो. चोराला दोन्ही सोयीचे. खोटा आरोप केला की खरी तक्रारही कुणी ऐकत नाही. त्या पंपावरचे पोर महिन्याच्या तुटपुंज्या पगारावर उन्हात उभे असते आणि बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या कोरडवाहू घरातले असते. आम्ही त्याला नको ते बोललो. परतताना त्याच पंपावर थांबून मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "काका, रोज कुणी ना कुणी बोलतं. तुम्ही परत आलात, हेच नवल."

तेव्हा आजपासून गावोगाव एवढे सांगा. पंपावर खाली उतरून उभे राहा. आकडा सुरुवातीला शून्यावर पाहा, 'टक्' झाल्यावर पाहा आणि शेवटी पाहा. नोझल मध्येच जागेवर टांगले आणि आकडा पुन्हा शून्यापासून सुरू झाला, तर दोन्ही आकड्यांची बेरीज करा. पावती घ्या. शंका आली तर ५ लिटरचे माप मागा, पण आवाज न चढवता मागा.

आपण भीक मागत नाही, घामाचे दाम मागतो. दाम मागणाऱ्याला माप कळलेच पाहिजे. आता कापसाच्या भावाकडे वळू.