आकाश पाहणाऱ्यांची संगत

श्रोतेहो, मृग नक्षत्र आपल्याला दाखवून द्यायला नको. राखणीला शेतावर निजणाऱ्या माणसाला बाणाचे तीन तारे कुठवर आले यावरून रात्र किती सरली ते कळतं. या मृगाच्या चार पायांपैकी एक तारा तांबूस आहे. त्याला काक्षी म्हणतात. पुष्कळजण त्यालाच आर्द्रा म्हणतात. आजची गोष्ट या ताऱ्याची आहे, आणि तीत चूक माझी आहे.

२०१९ सालच्या डिसेंबरअखेर आमच्या एका विद्यार्थ्यानं वहीत लिहून आणलं, "काक्षी रोहिणीपेक्षा मंद." मुलगा खेड्यातला, घराच्या धाब्यावरून पाहणारा. मी पडलो पुस्तकं वाचणारा. काक्षी रोहिणीहून तेजस्वी असते, हे मला पाठ. "नीट पाहिलं नाहीस," असं म्हणून मी ती ओळ खोडायला लावली. त्यानं निमूटपणे खोडली. पुढं पंधरवड्यातच कळलं, की देशोदेशीचे निरीक्षक नेमकं तेच नोंदवीत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये तर काक्षीचं तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली आलं होतं. ताऱ्यानं बाहेर फेकलेला वायू निवून त्याची धूळ झाली आणि तिनं ताऱ्याचं तोंड काही काळ झाकलं, असा उलगडा शास्त्रज्ञांनी मागाहून केला.

पोराचा डोळा खरा होता. पण त्याला ताडून पाहायला माझ्यावाचून दुसरं माणूस नव्हतं!

ज्यांचं तेज असं कमीजास्त होतं त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यांच्या निरीक्षकांची एक संघटना १९११ साली अमेरिकेत निघाली, ती आजही चालू आहे. तिथं पदवी विचारीत नाहीत. बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र यांचंच पाहा ना. प्रवेश परीक्षेत तीनदा नापास झालेले हे गृहस्थ सरकारी खजिन्यात साधे कर्मचारी होते. १९१८ साली गरुड राशीत अचानक उजळलेला नवतारा त्यांनी स्वतःच्या छोट्या दुर्बिणीतून पाहिला आणि त्याची हकीकत थेट अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेला कळवली. तिथून उत्तर आलं आणि ते या संघटनेत सामील झाले. पुढं संघटनेनं सहा इंची दुर्बीण त्यांच्या वापरासाठी समुद्रापलीकडून पाठवली. फाळणीनंतर घर सोडून ते पश्चिम बंगालमध्ये बारासातला आले. तिथंही निरीक्षणं थांबली नाहीत. १९५४ पर्यंत त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी धाडल्या. जेसोरमध्ये त्यांच्याशी या विषयावर बोलणारं कितीजण असेल? त्यांची संगत टपालातून होती.

आता टपालाची वाट पाहावी लागत नाही. इंटरनेटवरून त्याच संघटनेकडे नोंद पाठवता येते. सभासद नसलेल्याचीही घेतात. आपल्याकडे पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. मुंबईचं खगोल मंडळ लोकांना वांगणीला नेऊन रात्रभर आकाश दाखवतं. शहरातल्या दिव्यांपासून पळून त्यांना जिथं जावं लागतं, तसा अंधार आपल्या अंगणात आहे. गुरुजींनी मनावर घेतलं तर शाळेतल्या चार मुलांचंही मंडळ होतं.

त्यासाठी दुर्बीण नको. हिवाळ्यात काक्षीपासूनच आरंभ करावा. तिच्याहून बहुधा तेजस्वी असणारा एक तारा धरायचा, प्रश्वा. आणि बहुधा मंद असणारा दुसरा, रोहिणी. प्रश्वाची प्रत सुमारे ०.४, रोहिणीची ०.९, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. या दोहोंमध्ये काक्षी कुठं बसते, याचा डोळ्यांनी अंदाज घ्यायचा. तिन्ही तारे चांगले वर आलेले असावेत. क्षितिजाजवळचा तारा हवेमुळंच मंद दिसतो आणि माणूस फसतो.

आणखी एक, आणि हे मी ठेच लागून शिकलो. प्रत्येकानं आपापला आकडा आधी कागदावर उतरवावा, मगच शेजाऱ्याला विचारावं. दुसऱ्याचा वेगळा निघाला म्हणून आपला बदलू नये. गुरुजींनीही मुलाच्या वहीत खोडाखोड करू नये. शंका वाटली तर बाजूला तसं लिहावं आणि उद्या पुन्हा दोघांनी मिळून पाहावं. तारीख आणि घड्याळातली वेळ मात्र न चुकता घाला. तेवढं नसेल, तर कितीही बरोबर पाहिलेलं असलं तरी ती नोंद कुणाच्या उपयोगी पडत नाही.