नावावर गाडी, पाना कुणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून तुमच्यापैकी काहीजणी हसल्या. पोटगी, समुपदेशन, कौटुंबिक हिंसा यांच्या रांगेत 'मोटारीचा एअर सस्पेन्शन कंप्रेसर बदलणे' हे कुठून आलं? ते आमच्या सल्ला केंद्रातूनच आलं. तिथे आलेल्या एका बाईचा हा अनुभव आहे. तिच्या संमतीने, तिचं नाव न घेता सांगते.

घटस्फोटाच्या तडजोडीत तिला घर मिळालं नाही, दागिने मिळाले नाहीत. मिळाली ती एक जुनी छोटी मोटार. त्या मोटारीवर ती जेवणाच्या डब्यांचा धंदा करते. नवऱ्याला गाड्यांचा शौक. कंपनीने दिलेल्या लोखंडी स्प्रिंगा काढून त्याने बाहेरून आणलेलं एअर सस्पेन्शन बसवून घेतलं होतं. बटण दाबलं की गाडी खाली बसते, पुन्हा दाबलं की उठते. शौक त्याचा, पण गाडीबरोबर तो हिच्या वाट्याला आला. एके सकाळी गाडी खाली बसली ती उठेचना. टायर वर मडगार्डला टेकले. गॅरेजवाला म्हणाला, "सगळा किट बदलावा लागेल. साहेबांना पाठवा, मी त्यांच्याशी बोलतो."

साहेब म्हणजे कोण? ज्याच्यापासून सुटायला ती कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती, तोच! याआधी दोनदा तिने त्याला फोन केला होता. तो यायचा, काहीतरी जोडायचा आणि जाताना म्हणायचा, "माझ्याशिवाय तुझं अडतंच." तिच्या धंद्याची नाडी अशी त्याच्या हातात राहिली होती.

आपण मालमत्तेच्या हक्कासाठी लढलो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखाच जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. हे यश मोठंच आहे. पण सातबारावर बाईचं नाव आणि व्यवहार भावाच्या हाती, हे आपण गावोगाव पाहतो. गाडीचंही तसंच. कागद तिच्या नावावर, पण गाडीत काय कुठे आहे याची माहिती मात्र त्याच्या डोक्यात. माहितीशिवाय मिळालेली मालकी अर्धीच असते.

म्हणून आम्ही ठरवलं, आधी समजून घ्यायचं. आमच्या गटात एक मैत्रीण आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा अभ्यासक्रम शिकलेली आहे. तिने आम्हाला डिकी उघडून एकेक वस्तू दाखवली. स्प्रिंगच्या जागी रबरी हवेच्या पिशव्या असतात. त्यांना हवा देणारी एक टाकी असते. टाकी भरणारा पंप म्हणजे कंप्रेसर. तो गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. टाकीवर दाबाचा स्विच असतो. बऱ्याच किटांत दाब ११० पौंडांवर उतरला की तो कंप्रेसर चालू करतो आणि १४५ पौंडांच्या आसपास बंद करतो. कंप्रेसरला वीज पुष्कळ लागते, म्हणून ती जाड वायरीने, फ्यूज आणि रिलेमधून येते. बस्स, एवढंच यंत्र. आमच्यातली एक म्हणाली, "घरची पाण्याची टाकी नि मोटार कळते, तर हे का नाही कळणार?"

कामाला हात लावण्याआधीचे नियम मात्र लिहून घ्या, कारण इथे जिवाशी गाठ आहे. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. हवा केव्हाही सुटते. जमीन सपाट आणि टणक हवी, चाकांना उटी लावायची, जॅकने उचललेली गाडी लोखंडी स्टँडवर टेकवायची. जोडणी सोडण्याआधी टाकीतली आणि पिशव्यांमधली हवा पूर्ण काढायची.

मग तपासणी. फ्यूज शाबूत होता. बटण दिल्यावर रिलेचा टक् आवाज आला. कंप्रेसरच्या वायरीला मीटर लावला, तर १२ व्होल्ट येत होते. अर्थिंगचा बोल्ट गंजला असेल म्हणून तो घासून पुन्हा आवळला. तरी मोटर हलेना. म्हणजे वीज पोचते आहे, मोटरच जळली आहे. किट नव्हे, एक कंप्रेसर! गॅरेजवाल्याने हे तपासलंच नव्हतं. समोर बाई आहे म्हटल्यावर त्याला तपासायची गरज वाटली नाही.

बदलणं तसं सरळ होतं. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढलं. वायरी कुठल्या कुठे होत्या त्याचा फोटो काढून ठेवला. हवेची नळी सोडली, चार बोल्ट काढले. नवा कंप्रेसर घेताना व्होल्ट, अँपिअर आणि दाब जुन्याशी जुळतात ना, ते पाहिलं. जास्त वीज खाणारा घेतला तर वायर आणि फ्यूज त्याला पुरत नाहीत. बोल्टखालची रबरं परत घातली, नाहीतर सगळी गाडी घरघरते. कंप्रेसरमधून निघणारी हवा खूप गरम असते, म्हणून पहिली नळी पोलादी जाळीची असते. ती काढून साधी नळी लावायची नाही. एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह उलटा बसत नाही ना, तेही पाहायचं. आट्यांना टेफ्लॉन टेप लावली, पण तोंडाचे पहिले एकदोन आटे मोकळे ठेवले, म्हणजे टेपचे तुकडे आत जात नाहीत.

बॅटरी जोडली, इंजिन चालू केलं आणि टाकी भरली. गाडी उठली. सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या. आयटीआयवाली मैत्रीण मात्र म्हणाली, "थांबा, जुना का जळला ते कुठे कळलंय?"

हा प्रश्न मला आपल्या कामात फार मोलाचा वाटतो. असे छोटे कंप्रेसर सतत चालण्यासाठी बनवलेले नसतात. थोडा वेळ चालून त्यांना थंड व्हावं लागतं. कुठे हवा गळत असली की टाकी भरत नाही, कंप्रेसर थांबत नाही आणि तापून जळतो. आम्ही प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. मागच्या डाव्या पिशवीच्या सांध्यावर बुडबुडे आले. नळी पत्र्याला घासून झिजली होती. पुन्हा हवा सोडली, गाडी स्टँडवर घेतली, झिजलेला तुकडा सरळ कापून नळी नव्याने बसवली आणि पत्र्यापासून दूर बांधली. टाकीत साठलेलं पाणीही खालच्या नळाने काढलं. दुसऱ्या सकाळी मीटरचा काटा होता तिथेच होता. गळती न शोधता नुसता कंप्रेसर बदलला असता, तर नवाही जळला असता आणि पुन्हा "साहेबांना पाठवा" झालं असतं.

आता कागदांची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफाराबद्दल मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. इथे 'मालक' हा शब्द लक्षात घ्या. शौक नवऱ्याने केला, पण आज मालक ती आहे. त्यामुळे आमच्या मैत्रिणीने मूळ स्प्रिंगा परत बसवायचं ठरवलं आहे. त्याला पैसे जास्त लागतात, ते ती साठवते आहे. धंदा बंद ठेवून ते साठले नसते, म्हणून आधी कंप्रेसर. हा क्रम तिने स्वतः सगळं समजून घेऊन ठरवला.

तेव्हा माझी सूचना अशी. तडजोडीत वाहन मिळत असेल तर नुसतं 'गाडी पत्नीस द्यावी' एवढ्यावर सही करू नका. नमुना २९ आणि ३० वर त्याची सही त्याच दिवशी घ्या. मालकी बदलल्यापासून विमा १४ दिवसांत आणि नोंदणी ३० दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. गाडीत बाहेरून काय काय बसवलं आहे त्याची यादी, बिलं आणि दोन्ही किल्ल्या मागा. काढलेले मूळ भाग कुठे आहेत ते विचारा आणि तेही तडजोडीत लिहून घ्या. आणि प्रत्येक गटाने महिन्यातला एक दिवस हत्यारांसाठी ठेवावा. फ्यूज बदलणं, मीटर लावणं, चाक बदलणं एवढ्यापासून सुरुवात करा.

परवा त्या गॅरेजवाल्याने तिला विचारलं, "कोणाकडून करून घेतलंत?" ती म्हणाली, "कोणाकडून नाही. केलं."