जुन्या ट्रकला कर्ज द्यायचं का?

शेळीला कर्ज, शिलाई मशीनला कर्ज, गिरणीला कर्ज, हे आपल्या गटांना सवयीचं झालंय. आज आम्ही सांगणार आहोत ट्रकच्या कर्जाबद्दल, आणि तोही जुना ट्रक. बायका ट्रकचं काय सांगणार, असं घरातल्या पुरुषमंडळींना वाटत असेल तर त्यांनाही जवळ बसवा.

ट्रक आहे टाटा १२१०. आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासऱ्यांनी घेतलेला. त्या आकड्यांचा अर्थ आम्हालाही आत्ता कळला. १२ म्हणजे मालासकट गाडीचं वजन साधारण १२ टन, आणि १० म्हणजे इंजिनाची ताकद साधारण १०० हॉर्सपॉवर. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. १९६९ मध्ये करार संपला आणि नाकावरची मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी जाऊन टी आला. नंतरच्या गाड्या त्याच वळणाच्या निघाल्या. साधं इंजिन, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. म्हणून तालुक्याचा मिस्त्रीही ती खोलू शकतो आणि पार्ट अजून मिळतात.

ताईंच्या मालकांना ऊसतोडीचा हंगाम तोंडावर असताना गाडी उभी करावी लागली. पांढरा धूर, पाणी रोज कमी. गॅरेजवाल्यानं सांगितलं, फुल इंजिन करावं लागेल. ताईंनी गटाकडे एक लाख मागितले. आमच्या गटात इतकी रक्कम एकीला कधी दिली नव्हती. बाकीच्या नऊ जणींची बचत त्यात अडकणार होती. दोघी स्पष्ट म्हणाल्या, भंगारात घाला. ताई रडल्या नाहीत, पण मीटिंगमधून उठून गेल्या.

आम्ही ठरवलं, आधी गाडी बघायची, मग बोलायचं. गटातल्या एकीचा भाऊ दुसऱ्या गावात डिझेल मिस्त्री आहे, त्याला बोलावलं. त्यानं जे दाखवलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. धूर काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही: एअर फिल्टर तुंबलाय किंवा नोझल, पंप बिघडलाय. निळसर असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंग-पिस्टन झिजलेत. पांढरा असेल आणि पाणी कमी होत असेल तर पाणी आत शिरतंय. मग त्यानं ऑइलची पट्टी बाहेर काढली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं! ऑइलमध्ये पाणी गेलं की असं होतं. त्यानं सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. चारांचं चांगलं, शेजारशेजारच्या दोनांचं कमी. त्या दोनांच्या मधे हेड गॅस्केट जळालं होतं. हेड उतरवून फेसिंग, नवं गॅस्केट, नोझल तपासणी, खालचं चेंबर खोलून बेअरिंग बदली. लायनर-पिस्टनला हात लावायची गरज नव्हती. निम्म्याच्या आसपास खर्च.

पहिल्या गॅरेजवाल्यानं लबाडी केली असं आम्ही म्हणत नाही. पण मोजल्याशिवाय फुल इंजिन सांगितलं की थांबायचं, एवढं नक्की. बिल पार्टवार मागायचं आणि काढलेले जुने पार्ट परत मागायचे. ते ताईंच्या पडवीत पोत्यात आहेत.

इंजिनापेक्षा आम्ही जास्त वेळ चासीखाली घालवला. इंजिन बदलता येतं. चासीला तडा असेल, जागोजागी वेल्डिंगचे टाके असतील, तर आम्ही एक रुपया दिला नसता. कमानीचे पाटे मोजले, एक तुटलेला निघाला. इंजिन बंद करून हवेचा काटा बघितला. तो भराभर खाली आला तर ब्रेकची हवा कुठून तरी गळतेय. घाटात उसानं भरलेली गाडी हवेच्या ब्रेकवरच थांबते, तिथं उधारी चालत नाही.

आता कागद. इथं खरी गाठ होती. आरसी बुक अजून वारलेल्या सासऱ्यांच्याच नावावर! मालक वारल्यावर वारसानं तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची असते. ते राहिलं की अपघातात विम्याचं भांडण होऊ शकतं. आम्ही अट घातली: कर्ज ताईंच्या नावावर, हप्ता ताई भरणार, तर गाडीही ताईंच्या नावावर. ताईंचे दीर मीटिंगला येऊन खूप बोलले. शेवटी सासूबाईंनी तोंड उघडलं. हा ट्रक घेताना पहिली रक्कम त्यांच्या पाटल्या मोडून भरली होती, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. सुनेच्या नावावर करायला त्यांनी पहिली सही केली. मग दिरांनी केली. दंड भरावा लागला तो भरला. आरसीवर जुन्या बँकेचा बोजा आहे का तेही बघून घेतलं, नव्हता.

कर्ज दिलं साठ हजार. हप्ते सगळ्या महिन्यांना सारखे नाहीत: हंगामात मोठे, पावसाळ्यात नुसतं व्याज. गाडी उभी असताना हप्ता मागितला तर बाई तो सावकाराकडून आणते, हे आपण पाहिलंय.

आता ताईंनी गटाच्या हजेरीवहीसारखी गाडीची वही केलीय. किलोमीटरचा काटा बंद आहे, म्हणून खेपा मोजतात. सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी ऑइल आणि पाणी. पाण्याचं झाकण गरम इंजिनावर कधीच उघडायचं नाही, अंगावर वाफ येते. हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं, चाकांचे नट ठोकून बघायचे. हंगामात दर आठवड्याला किंगपिन, कमानीच्या पिना आणि जॉइंट क्रॉसला ग्रीस. मालक सुरुवातीला हसले. आता वही हरवली तर शोधत फिरतात.

असा ट्रक सगळ्यांनी घ्यावा असं मात्र आम्ही सांगणार नाही. आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी लागतं, पंधरा वर्षांनंतर त्याची फी बरीच वाढते. लांबच्या वाटेला आणि रोजच्या धंद्याला हे परवडत नाही. शेतातून कारखान्यापर्यंतच्या खेपा असतील, गाडी घरचीच असेल आणि चासी सरळ असेल, तरच हिशोब जमतो.

पुन्हा रंग देताना पेंटरनं मागे हॉर्न ओके प्लीज लिहायला घेतलं. महाराष्ट्रात २०१५ पासून त्याला बंदी आहे, म्हणून थांबवलं. आता तिथं काय लिहायचं यावर गटात अजून एकमत नाही. तीन हप्ते वेळेवर आलेत, चौथा पुढच्या मीटिंगला.